एक डायनोहब, एक कप आणि एक हंबर: जुन्या सायकलींच्या सुट्या भागांच्या देवघेवीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या रॅले सायकलीचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही गावे आणि किरकोळ तपशील बदलले आहेत. तांत्रिक तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळे प्रकरण त्यांच्याभोवतीच फिरते.

सायकल मालकांच्या वडिलांची. रॉड ब्रेकची, २८ बाय दीड इंची चाकांची, समोर नॉटिंगहॅमचा, म्हणजे रॅलेच्या इंग्लंडमधील मूळ कारखान्याचा बिल्ला असलेली आणि चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्रात, बगळ्याची डोकी कापलेली. मागच्या चाकात स्टर्मी आर्चर या इंग्रज कंपनीचा एडब्ल्यू हा तीन गियरचा हब, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा भाग, आहे व त्याच्या नळीवर ५२ असा शिक्का आहे. हबवरचा शिक्का हबच्या निर्मितीचा असतो, सायकलीचा नव्हे, हे लक्षात ठेवूनही ही सायकल १९५२ च्या सुमारास विलायतेत जोडली गेली असे धरायला हरकत नव्हती. त्याच सुमारास असनसोलजवळ सेन-रॅले या रॅलेच्या भारतातील भागीदारीचा कारखाना सुरू झाला आणि पुढे भारतात दिसणाऱ्या बहुतेक रॅले तिथल्याच असत. म्हणून नॉटिंगहॅमचा बिल्ला आणि त्याला जुळणारा हब एकत्र असणे हौशी मंडळींच्या लेखी महत्त्वाचे ठरते.

पुढच्या चाकात स्टर्मी आर्चरचाच जीएच-६ हा डायनोहब होता. टायरला घासून फिरणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या डायनॅमोऐवजी यात वीजनिर्मितीची सगळी यंत्रणा हबच्या पोटात असते: ॲक्सलला धरून स्थिर राहणारा, तारेचा वेढा असलेला आर्मेचर, आणि त्याच्याभोवती चाकाबरोबर फिरणारे वीस ध्रुवांचे कड्यासारखे चुंबक. सहा व्होल्टचा दिवा त्यावर चालतो आणि पायडल मारताना फारसा अडथळा जाणवत नाही. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली की पोलीस अडवत असत, त्या काळातल्या पुण्यात ही केवळ चैन नव्हती.

अडचण

मालकांनी सायकल ओव्हरहॉलिंगला एका ओळखीच्या दुकानात दिली. मेकॅनिक हाताचा चांगला. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. त्याने पुढचा हब इतर हबसारखाच खोलला, चुंबकाच्या कड्यातून आर्मेचर बाहेर काढला, दोन्ही रॉकेलमध्ये धुतले, वाळवले आणि पुन्हा नीट बसवले. नुकसान झाले ते याच स्वच्छतेने. जीएच-६ च्या चुंबकाला आतल्या आर्मेचरच्या लोखंडाची सोबत सतत लागते. ती तुटली की चुंबकाची शक्ती तत्काळ उतरते आणि आर्मेचर परत आत घातल्याने ती भरून येत नाही. आर्मेचर काढायचाच असेल तर तो बाहेर सरकताना त्याच्या जागी मऊ लोखंडाचे कडे त्याच हालचालीत आत सरकवावे लागते, म्हणजे चुंबक क्षणभरही उघडे पडत नाही. मेकॅनिकला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते आणि मालकांनीही त्याला सांगितले नव्हते.

परिणाम असा झाला की पूर्वी चालत्या माणसाच्या वेगालाही पेटणारा दिवा आता जोरात पायडल मारल्यावर तांबूस होऊन राहू लागला.

त्याच ओव्हरहॉलिंगमध्ये दुसरी भानगड उद्भवली. पायडलचा ॲक्सल ज्या आडव्या नळीत फिरतो त्या बीबीचा (बॉटम ब्रॅकेटचा) डावा कप, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात ती आट्यांची वाटी, खड्डे पडून झिजला होता. मेकॅनिकने नेहमीचा कप आणून बसवायला घेतला. आपल्या बाजारात मिळणाऱ्या कपाला इंचामागे २४ आटे असतात आणि नॉटिंगहॅमच्या रॅलेला २६. व्यास जवळपास सारखाच असल्यामुळे पहिले एकदोन फेरे कप हाताने सहज आत जातो व जमले असे वाटते. पुढे तो अडतो आणि पान्याने जोर लावला की नळीतले आटे कापू लागतो. इथेही अर्धा फेरा पान्याने फिरवला गेला होता. सुदैवाने मेकॅनिकला हाताला काहीतरी वेगळे लागले आणि त्याने तिथेच थांबून मालकांना बोलावले. प्रस्तुत लेखकाच्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत किमती निर्णय हाच होता, आणि तो घेणाऱ्याला त्याचे श्रेय कोणी फारसे दिले नाही.

समोर आलेले पर्याय

मालकांना कोल्हापूरच्या एका संग्राहकांची ओळख होती. वयाने ते मालकांपेक्षा बरेच लहान, पण या विषयात मुरलेले. पुढचे सगळे पर्याय दोघांनी मिळून तपासले.

पहिला विचार चुंबक पुन्हा भारण्याचा होता. स्कूटरच्या फ्लायव्हीलचे मॅग्नेट चार्ज करून देणारी ऑटो इलेक्ट्रिकची दुकाने आजही आहेत, त्यामुळे हा मार्ग सोपा वाटला. पण त्या दुकानांतली साधने मोजक्या ध्रुवांच्या चुंबकासाठी असतात. वीस ध्रुव कड्यावर आळीपाळीने उमटवायचे तर त्या मापाची, वीस दातांची वेगळी जिग, म्हणजे चुंबक भारायचा साचा, हवी. चुकीच्या जिगवर कडे चढवले असते तर उरलेली शक्तीही विस्कटली असती. एका दुकानदाराने प्रयोग करून पाहायची तयारी दाखवली होती. त्याला नकार दिला गेला.

दुसरा पर्याय बाटलीचा डायनॅमो लावण्याचा. काम भागले असते, खर्चही नगण्य. बीबीच्या बाबतीत याच धर्तीची सूचना एका लेथवाल्याने केली: नळीत २४ आट्यांचा टॅप, म्हणजे आटे कापायचे हत्यार, फिरवावा आणि कायमचा प्रश्न मिटवावा. या दोन सूचना वरवर सारख्या दिसतात, पण त्यांच्यात मोठा फरक आहे. डायनॅमो उद्या काढून ठेवता येतो. नळीतले कापलेले आटे परत येत नाहीत. मालकांनी टॅपची सूचना त्याच कारणाने बाजूला ठेवली.

तिसरा पर्याय कोलकात्याच्या एका विक्रेत्याकडचा पूर्ण जीएच-६ हब होता. छायाचित्रांत तो चकचकीत दिसत होता. कोल्हापूरच्या संग्राहकांनी एवढेच मागितले की हबच्या दोन टोकांना सहा व्होल्टचा बल्ब जोडून, हाताने हब फिरवून त्याचे चित्रण पाठवावे. विक्रेत्याने हब फिरतानाचे चित्रण पाठवले, बल्बशिवाय. पुन्हा मागितल्यावर ‘वस्तू ओरिजिनल आहे’ असे उत्तर आले. वस्तू अस्सल असणे आणि तिच्यातले चुंबक जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे हा व्यवहार तिथेच संपला.

चौथा पर्याय मात्र सहज सोडून देण्यासारखा नव्हता.

हंबर मोडायची की नाही

साताऱ्याकडच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे एक हंबर आली होती. हंबर हे नाव १९३२ पासून रॅलेच्या मालकीचे होते, त्यामुळे नॉटिंगहॅमच्या या हंबरचे बीबीचे आटे २६ चे, आणि पुढच्या चाकात चालू स्थितीतला जीएच-६. म्हणजे मालकांना हव्या असलेल्या दोन्ही वस्तू एकाच सायकलीत. व्यापारी सुटे भाग द्यायला तयार नव्हता; घ्यायची तर आख्खी घ्या, असे त्याचे म्हणणे होते. हबच्या चालू भावाच्या मानाने त्याने सांगितलेली किंमत फार नव्हती.

मालकांच्या मुलाने मांडलेला हिशेब सरळ होता. सायकल घ्यावी, हब आणि कप काढून घ्यावेत, बाकीचे भाग विकावेत. या व्यवहारात पैसे सुटले असते, कदाचित वर नफाही झाला असता, कारण जुन्या सायकलीच्या बाबतीत सुट्या भागांच्या किमतींची बेरीज अखंड सायकलीपेक्षा नेहमीच जास्त भरते. ब्रूक्सची चामडी सीट एकाला हवी असते, घंटी दुसऱ्याला, तेलाचा चेनकेस तिसऱ्याला. आख्खी सायकल ठेवायला जागा असलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. भंगार व्यापाऱ्यांना हे गणित हौशी माणसांच्या आधीपासून कळते.

अडचण अशी की ती हंबर साधी नव्हती. तिचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, हंबरचा खास दुहेरी नळ्यांचा, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन बारीक नळ्या असलेला, आणि चेनव्हीलमध्ये माणसांच्या आकृत्या कोरलेल्या. रंग मूळचा होता, मडगार्डवरची सोनेरी रेघ अजून दिसत होती, सायकलकराचा जुना बिल्लाही जागेवर होता. कोल्हापूरचे संग्राहक ती पाहून आले आणि म्हणाले, “काका, चालती सायकल आपण मोडायची नाही. हिच्यात काही कमी असतं तर गोष्ट वेगळी.”

हौशी मंडळींत हा अलिखित नियम बऱ्यापैकी पाळला जातो: फ्रेम गंजून सडली असेल, चिमटा वाकला असेल, निम्मे भाग आधीच गेले असतील, तर उरलेल्याचे सुटे भाग करावेत, पण पूर्ण सायकल एका भागासाठी फोडू नये. मालकांना नियम पटत होता, पण त्यांचा प्रश्नही रास्त होता. आपण घेतली नाही तर ती वाचेल याची हमी कोण देणार? आख्खी घेऊन आख्खी सांभाळायची तर दोन खोल्यांच्या घरात दुसरी सायकल ठेवायला जागा नव्हती. अखेर त्यांनी हंबर घेतली नाही आणि कोल्हापूरकरांनी ती अखंड घेणारा गिऱ्हाईक शोधायचे कबूल केले. शोधायला सुरुवात कधी करायची, किती दिवसांत, तोवर व्यापाऱ्याला थोडा विसार द्यायचा का, यांपैकी काहीच ठरले नाही.

इंग्लंडशी देवघेव

आता विलायतेचा मार्ग उरला. कोल्हापूरच्या संग्राहकांचा इंग्लंडमधील एका वयस्क हौशी गृहस्थांशी जुना पत्रव्यवहार होता. त्यांच्याकडे अपघातात चाक चेपलेला एक जीएच-६ होता, आतली यंत्रणा शाबूत. पैशांपेक्षा त्यांना वस्तू हवी होती, आणि मालकांच्या माळ्यावर पडलेल्या लूकास कंपनीच्या ‘किंग ऑफ द रोड’ या तेलाच्या दिव्याचे छायाचित्र पाहून त्यांनी तोच मागितला.

अदलाबदल दोघांनाही फायद्याची होती, पण दिव्यावर तारीख नव्हती. हे नाव लूकासने एकोणिसाव्या शतकापासून वापरले आहे आणि दिवा मालकांच्या आजोबांच्या काळापासून घरात होता. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमोल कलाकृती कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. सायकलीचा दिवा त्या व्याख्येत बसतो की नाही यावर वाद घालता येईल. तो वाद कस्टमच्या काउंटरवर घालण्यात अर्थ नव्हता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घेणे हा सरळ मार्ग होता, पण वय सिद्ध करायला हातात काहीच नसल्याने तो बेभरवशाचा वाटला. दिवा माळ्यावरच राहिला.

मग कोल्हापूरकरांनी उलटा प्रश्न विचारला: इंग्लंडमध्ये मिळायला अवघड आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते असे काय आहे? उत्तर हाताशी होते. २८ बाय दीड इंची टायर, रॉड ब्रेकची रबरे, क्रँकच्या कॉटर पिना. तिकडे हा माल कधीच मागे पडला. आपल्याकडे दूधवाल्यापासून शेतमजुरापर्यंत अनेकांची सायकल अजून त्याच मापावर चालते. आपल्या नेहमीच्या सायकलीचे स्पोकचे हिशेबही, पुढे ३२ आणि मागे ४०, जुन्या विलायती सायकलींचेच राहिले आहेत. भारतातल्या हौशी माणसाकडे द्यायला दुर्मीळ वस्तूच हवी असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा खरा साठा किराणा मालासारखा रोजच्या दुकानात पडून असतो. इंग्रज गृहस्थांनी टायर, ब्रेकरबरे आणि कॉटर यांच्या बदल्यात हब द्यायचे मान्य केले.

इथे दोन निर्णय घ्यावे लागले. पहिला, नेमके काय मागवायचे. पूर्ण हब आणला असता तर वडिलांच्या हातचे चाक उसवून नव्याने गुंफावे लागले असते. चुंबकाचे कडे हबच्या नळीला स्क्रूंनी धरलेले असते. ते स्क्रू काढले की चुंबक आणि आर्मेचर एकमेकांत बसलेल्या अवस्थेत, एकत्र बाहेर येतात. म्हणून तेवढाच जोड मागवायचा ठरला. वजन घटले, टपालखर्च घटला आणि मूळ नळी, मूळ स्पोक, मूळ रिम जागेवर राहिली. मात्र पाठवणाऱ्याला दोनदा लिहून कळवले की जोड कुठल्याही कारणाने अलग करू नये आणि आर्मेचर आतून सरकणार नाही असा घट्ट बांधून पाठवावा. ते गृहस्थ स्वतः जाणकार होते. तरीही हे लिहिणे योग्यच होते, कारण पार्सल बांधणारा माणूस दुसराच असू शकतो.

दुसरा निर्णय घोषणेचा. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहा, म्हणजे ड्युटी लागणार नाही, असा सल्ला अनेकांनी दिला. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंना मिळणारी सवलत २०१९ च्या अखेरीस बंद झाली असल्याने तो सल्ला कालबाह्य होता, आणि देवघेवीला भेट म्हणणे मुळात खोटेही होते. खरी किंमत आणि वस्तूचे साधे वर्णन लिहायचे ठरले. ड्युटी लागली, ती भरली.

आधी कोणी पाठवायचे, हा प्रश्न अशा व्यवहारात नेहमीच अवघड असतो. मालकांनी आधी पाठवले. कोल्हापूरच्या संग्राहकांनी मध्यस्थाची जबाबदारी घेतली: हब आला नाही तर टायरांची भरपाई ते करणार होते.

कपाचा शोध

कपासाठी एवढी यातायात लागली नाही. मालक रविवारी जुन्या बाजारात गेले. तिथे तिरपालावर सायकलीच्या सुट्या भागांचे ढीग असतात: जुने कोन, फ्रीव्हील, एकमेकांत अडकलेल्या चेनी आणि गंजून एकजीव झालेले कप. बरोबर त्यांनी आपला झिजलेला मूळ कप नेला होता, आणि त्याचा उपयोग गेजपेक्षा जास्त झाला. दोन कप आडवे धरून त्यांचे आटे एकमेकांत बसवायचे आणि उजेडासमोर धरायचे. आटे सारखे असतील तर मधून उजेड येत नाही, २४ आणि २६ असतील तर टोकाला फट दिसते. ढिगातला एक कप असा जुळला, छर्ऱ्यांची वाटही गुळगुळीत निघाली. विक्रेत्याने किलोच्या भावात दिला.

नळीतले दुखावलेले आटे साफ करायला २६ चा टॅप कुठेच मिळाला नाही. तेव्हा झिजलेल्या मूळ कपाच्या आट्यांवर कानशीने आडव्या खाचा पाडून त्याचाच टॅप केला गेला. तेल सोडत, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे अशा रीतीने तो मेकॅनिकनेच, म्हणजे सुरुवातीला थांबलेल्या त्याच मेकॅनिकने, आत नेला. नवा कप नंतर बोटांनी शेवटपर्यंत गेला.

निष्पत्ती

चुंबक-आर्मेचरचा जोड सुखरूप पोचला. पेटी उघडल्यावर पहिली चाचणी बसवण्यापूर्वीच झाली: ॲक्सल हातात धरून कडे फिरवले तर ते ठेचा लागल्यासारखे थांबत-थांबत फिरत होते, जुने मात्र जवळजवळ सरळ फिरे. दिवा आता पूर्वीसारखा पेटतो.

इंग्लंडला गेलेल्या टायरांपैकी एकाची बीडची, म्हणजे टायरच्या काठातली, तार मुडपली होती. पार्सल लहान व्हावे म्हणून टायर तीन वेटोळ्यांत फार घट्ट वळला गेला होता. मालकांनी दुसरा पाठवला, या वेळी सैल वेटोळ्यांचा आणि मोठ्या खोक्यात. खोक्याचा टपालखर्च टायरच्या किमतीहून जास्त झाला.

हंबर वाचली नाही. कोल्हापूरकरांना गिऱ्हाईक मिळेपर्यंत व्यापाऱ्याने ती फोडली होती. चिमटा आणि चेनव्हील मुंबईला गेले, हब आणखी कोणाकडे, फ्रेम भंगारात.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा धडा मेकॅनिकला दिलेल्या सूचनेचा आहे, पण तो ‘जाणकाराकडेच द्या’ एवढा सोपा नाही. डायनोहब नेहमी खोलणारा मेकॅनिक आज मिळणे कठीण आहे. जे शक्य होते ते हे की सायकल देतानाच पुढच्या हबला ‘आर्मेचर काढू नये’ अशी चिठ्ठी बांधायची आणि बीबी खोलण्याआधी आटे मोजायला सांगायचे. सामान्य सर्व्हिसिंगला, म्हणजे कोन कसण्याला किंवा तेल देण्याला, चुंबकाला हात लावण्याची गरजच नसते.

हंबरच्या बाबतीत मत देणे अवघड आहे. मालकांनी स्वतःपुरता योग्य निर्णय घेतला, आणि तरीही सायकल मोडलीच. फरक इतकाच की तिचे भाग विखुरले. ‘मी मोडणार नाही’ हा नियम एकट्याने पाळला तर व्यापाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. चार-पाच जणांनी मिळून त्याच दिवशी विसार दिला असता, सायकल कोल्हापूरला नेऊन ठेवली असती आणि अखंड घेणारा सावकाश शोधला असता, तर खर्च वाटला गेला असता. गिऱ्हाईक मिळालेच नसते तर काय, या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवावे लागले असते, आणि नेमके तेच अशा गटांत कोणी ठरवत नाही.

कोलकात्याच्या विक्रेत्याला कदाचित लवकर सोडले गेले. बल्बचे चित्रण न पाठवणे हे फसवणुकीचे लक्षण असेलच असे नाही. त्याच्याकडे सहा व्होल्टचा बल्ब नसू शकतो. बल्ब टपालाने पाठवून दिला असता तर शंका पन्नासेक रुपयांत मिटली असती, आणि कदाचित इंग्लंडच्या पार्सलाची गरजच पडली नसती.

उतरलेले जुने चुंबक मालकांनी फेकलेले नाही. नव्या जोडाबरोबर आलेल्या चिठ्ठीतल्या मापांवरून कोल्हापूरच्या संग्राहकांनी लोखंडी कडे वळवून घेतले आहे, आणि वीस दातांची चार्जिंगची जिग बनवता येईल का याची चौकशी ते एका मोटार वाइंडिंगवाल्याकडे करत आहेत. तिचा खर्च एका चुंबकासाठी परवडणारा नाही. असे मेलेले डायनोहब आणखी कोणाकोणाकडे आहेत याची यादी करणे सुरू आहे.